सातव्या ओळीतली कलमं

कॉलेजातून फॉर्म आला तेव्हा मी कलमांना पाणी घालत होतो. चार पानी फॉर्म. वर ठळक अक्षरांत, 'नव्या पदवीधरांकडून मालक म्हणून आपल्या काय अपेक्षा आहेत?' आणि खाली नुसते चौकोन. संवादकौशल्य, पुढाकार, संघभावना, नेतृत्वगुण. प्रत्येकाला पाचपैकी मार्क द्यायचे. मी म्हटलं, नेतृत्व कोणाचं करायचंय इथे, शेणखताचं? माझी आंब्याच्या कलमांची नर्सरी. वालावलला, देवळाकडून खाडीकडे उतरताना डाव्या हाताला. दोन बायका, एक गडी, बारा हजार पिशव्या आणि मी. इथे कोणी कोणाचं नेतृत्व करत नाही, जो तो ओणवा होऊन काम करतो.

शेवटच्या पानावर मात्र एक कामाचा प्रश्न होता. 'उमेदवारास कायम कराल का? होय / नाही.' बाकी सगळे चौकोन मी डोळे मिटून भरले, हा एक कोरा ठेवला.

उमेदवार म्हणजे समीक्षा. मूळची देवबागची. तिचा बाप बाबली होडीवर जातो, आई घरी पर्यटकांना जेवण घालते. मासळीवाल्यांच्या घरातली पोर शेतकीची पदवी घेऊन आंब्यात कशाला आली, हे मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाली, "काकांनू, माका झाडां आवडतत." मी म्हटलं, एक वर्ष बघूया, पुढच्या मिरगाला कायम करायचं की नाही ते ठरवू. राहायची सोय रुक्मिणीच्या पडवीतल्या खोलीत केली. रुक्मिणी माझ्याकडची सगळ्यात जुनी बाई. माझ्याकडची कसली, या धंद्यात ती माझ्याही आधीची. मला 'अरे गुणाजी' म्हणणारी वाडीत आता ती एकटीच उरली आहे.

मग मी समीक्षाला माझं नेहमीचं भाषण दिलं. येणाऱ्या प्रत्येकाला देतो.

"कलमांचो धंदो म्हणजे इस्वासाचो धंदो. आज लायलेली काडी हापूसची की रायवळची, ता गिऱ्हायकाक पाच वर्सांनी कळता, फळ धरल्यार. तवसर तो तुझ्या तोंडाकडे बघून झाड वाढयता. म्हणान माझो एकच नियम. चुकीची काडी लायलंस, तर त्याच दिवशी घर. अडतीस वर्सां मी ह्या काम करतंय, माझ्या हातसून एक काडी चुकाक नाय."

पोरगी मान हलवत वहीत लिहून घेत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंब्याची कोय रुजवली की जे रोप येतं त्याला आम्ही खुंट म्हणतो. ते वीतभर झालं की त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, आणि चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काडी ज्या झाडाची, फळ त्या झाडाचं. शिकायला एक दुपार पुरते आणि नीट यायला दोन पावसाळे लागतात.

मी हे शिकलो दत्तारामभाऊकडे. त्याची बाग आता राहिली नाही, तिथे रंगीत बंगले झालेत, पण रस्त्याने जाताना अजूनही माझी मान तिकडे वळते. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. झालो होतो, सेकंड क्लास, वाडीतला पहिला. सहा महिने अर्ज पाठवून कुठूनच उत्तर येईना, तेव्हा आईने मला भाऊच्या दारात नेऊन उभं केलं. सर्टिफिकेट मी पिशवीत घालून नेलं होतं. भाऊने ते हातात घेतलं नाही. हात मातीचे आहेत म्हणाला, डाग पडेल. "ठेव बरा सांभाळून," म्हणाला आणि घमेलं दाखवलं. तीन महिने मी नुसती माती चाळली. चाळता चाळता मनातल्या मनात शिव्या घालायचो, त्याही इंग्रजीत, म्हणजे पदवी अगदीच फुकट गेली असं वाटू नये.

पण काय दिवस होते ते. भाऊ जेमतेम चौथी शिकलेला. कलम बांधताना तो कोणाशी बोलायचा नाही, आणि बांधून झालं की त्या कलमाशी बोलायचा. "रव आता," म्हणायचा, "बरा रव." दहा वाजता पेज. उकड्या तांदळाची, सोबत खारातली कैरी नाहीतर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा, आणि आम्ही सगळे फणसाखाली एका रांगेत. भाऊ आमच्यातच बसायचा, मालक म्हणून वेगळं पान कधी नाही. त्या पेजेची चव पुढे कुठे मिळाली नाही. आता घरात कुकर आहे, गॅस आहे, तांदूळही तोच आहे, पण पेज तशी होत नाही. बायको म्हणते, तुम्हाला तेवढी भूक नाही आता. असेल बाबा.

आषाढात काम इतकं असायचं की दुपारी पाठ सरळ होत नसे. पाऊस पत्र्यावर, आत आम्ही दहाबारा जण, हातात चाकू, आणि ओल्या गोणपाटाचा, चिकाचा, मातीचा असा एक वास. रुक्मिणी तेव्हा वीस वर्षांची होती, पिशव्या भरता भरता ओव्या म्हणायची, आणि भाऊ मध्येच म्हणायचा, "गो, जरा हळू, माझो हात तुझ्या तालार चलाक लागलो." आम्ही हसायचो. मला आजही आषाढाचा पाऊस पत्र्यावर वाजला की ते हसू ऐकू येतं. साठी आली, आता लपवायचं काय.

भाऊ शिकवायचा नाही, दाखवायचा. चुकलं तर ओरडायचासुद्धा नाही. नुसता बाजूला उभा राहायचा, आपलं आपल्याला कळेपर्यंत. बाविसाव्या वर्षी मला तो देवमाणूस वाटायचा. आपण मालक झालो तर असाच मालक व्हायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे मी वेगळा झालो, माझी नर्सरी उभी केली, पहिले दोनशे खुंट त्यानेच दिले. आणि रोज सकाळी काठी टेकत माझ्याकडे एक चक्कर मारायचा, पाय चालत होते तोपर्यंत.

तर, महादूची ऑर्डर. बांद्याचा महादू, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. वडिलांची वरकस जमीन इतकी वर्षं पडून होती, तिच्यावर तीनशे हापूस लावायचे म्हणून गेल्या वर्षापासून नाव नोंदवून बसला होता. पाऊस जरा थिरावला तसा त्याचा फोन आला, मंगळवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो. सोमवारी मी त्याच्यासाठी ठेवलेली कलमं बघायला गेलो. साठ साठच्या पाच ओळी, तिसरी ते सातवी.

मी हल्ली फारसा वाकत नाही, गुडघे कुरकुरतात. पण माल जायच्या आदल्या दिवशी प्रत्येक ओळीतलं पान चुरगाळून वास घ्यायचा, ही भाऊची सवय मला लागली आहे. हापूसच्या पानाचा वास मी झोपेतही ओळखेन. तिसरी ओळ बरी, चौथी बरी, पाचवी, सहावी बरी. सातव्या ओळीतलं पान चुरगाळलं आणि मी तिथेच खाली बसलो. दुसरं घेतलं. चार पिशव्या सोडून तिसरं घेतलं. ओळीच्या टोकापर्यंत गेलो. रायवळ. साठच्या साठ.

पाटीवरचं अक्षर समीक्षाचं, तारीख मागच्या आषाढातली. तारीख बघितली आणि तो दिवस आठवला. मी दाढ काढायला कुडाळला गेलो होतो. अकरा वाजता तिचा फोन आला, काकांनू, काड्यो कमी पडल्यो. मी गाल धरून बसलेला, माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हटलं, "पांढरो पट्टो बघ आणि काड. सारख्या सारख्या फोन करू नको." ज्या झाडांच्या काड्या घ्यायच्या त्या झाडांच्या बुंध्याला मी पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून ठेवतो. तिने पट्टा बघितला आणि काड्या काढल्या. फक्त झाड चुकलं.

विहिरीपलीकडे कुंपणाला लागून एक जुना रायवळ आहे. तो राखणदाराचा, बाग सांभाळणाऱ्या देवाचा. मिरगाच्या आधी एका सकाळी आम्ही त्याच्या बुंध्याला डिंक घालून चुना लावतो, नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो, वर्षभर बागेवर लक्ष ठेव बाबा म्हणून सांगतो. त्या झाडाचं पानसुद्धा कोणी तोडत नाही. वाडीतल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक आहे. पण समीक्षा आली ती मिरगानंतर, तीही देवबागहून. तिला सांगणार कोण? ज्याला त्याला वाटतं, यात काय सांगायचं.

यंदा चुना लावताना मात्र ती होती. बादली तिच्याच हातात होती. बुंध्यावर पहिला हात फिरला आणि पोरगी पांढरीफटक पडली. मला वाटलं, ऊन लागलं असेल. प्रसादाचं खोबरं तिने हातात धरून ठेवलं, तोंडात घातलं नाही. तेव्हा मला काही उमगलं नव्हतं, आता सोमवारी सातव्या ओळीत बसल्या बसल्या उमगलं. तिला तीन आठवडे ठाऊक होतं आणि ती गप्प होती.

माझं डोकं सणकलं. महादूने ही साठ झाडं पाच वर्षं पोरांसारखी वाढवली असती आणि मग माझ्या नावाने बोटं मोडली असती. तिथल्या तिथे हाक मारून जाब विचारावा असं वाटलं. पण मी पडलो भाऊचा चेला. म्हटलं, बघूया, स्वतःहून सांगते का. उद्या टेम्पो हलायच्या आत सांगितलं तर राहील, नाही सांगितलं तर कॉलेजाला 'नाही' कळवायचं आणि घरी पाठवायचं.

मग दिवसभर मी तिला संधी देत राहिलो. बारा वाजता म्हटलं, "महादू ह्या झाडांर लय आशा ठेवन आसा हां." ती म्हणाली, "होय काकांनू." दोन वाजता म्हटलं, "तिसरी ते सातवी, सगळा बरा आसा मा?" ती सातव्या ओळीकडे बघत राहिली. "मी पानी घालून येतंय," म्हणाली आणि निघून गेली. मला राग येत होता आणि, खरं सांगायचं तर, थोडी मजाही येत होती. आपल्याला सगळं कळलेलं आहे आणि समोरच्याला त्याचा पत्ता नाही, यात मालक माणसाला एक सुख असतं. सांगायला लाज वाटते, पण असतं.

चारच्या चहाला रुक्मिणी माझ्याजवळ येऊन बसली.

"चेडू तीन आठवडे धड जेवक नाय," म्हणाली. "काय झाला तिका, इचार जरा."

"काय झाला ता माका ठाव आसा," मी म्हटलं, आणि सातव्या ओळीचं सगळं सांगितलं. ती उठून गेली, एक पान चुरगाळून वास घेतला आणि परत येऊन बसली.

"मगे इचार तिका."

"मी कित्याक इचारू? तिणा आपणाच सांगूक व्हया. भाऊ असतो तर तेणाय इचारल्यान नसता."

"होय," रुक्मिणी म्हणाली. "नसताच इचारल्यान. तुका खंय इचारल्यान?"

"माका? माका काय इचारूचा होता?"

"सत्यवतीबायची चाळीस कलमां."

ते नाव या संदर्भात कोणाच्या तोंडून येईल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. कारण ती गोष्ट मी सोडून जगात कोणालाच ठाऊक नव्हती, अशी माझी समजूत.

भाऊकडच्या माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात त्याने माझ्याकडे काड्यांच्या दोन मोळ्या दिल्या होत्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. एक हापूसची, एक माणकुराची, म्हणजे आंब्याच्या दुसऱ्या जातीची. हापूसच्या मोळीला लाल सुतळी. मी दोन्ही सुतळ्या सोडल्या, पेज प्यायला गेलो, आणि परत आलो तर कुठली मोळी कुठली तेच आठवेना. भाऊ चार हातांवर बसला होता. पण बी.कॉम. झालेल्या माणसाने चौथी शिकलेल्याला विचारायचं कसं? अंदाजाने बांधली. त्यातली चाळीस हापूस म्हणून पुढच्या वर्षी सत्यवतीबायकडे गेली, खाडीपलीकडे. पुढची सहा वर्षं माझं मला माहीत. ती होडीतून बाजाराला आलेली दिसली की मी देवळामागून वळसा घालून जायचो. सातव्या वर्षी तिच्याकडून माझ्यासाठी आंब्यांची पाटी आली. हापूस, अस्सल. मी त्या पाटीत तोंड खुपसून लहान मुलासारखा रडलो. म्हटलं, उगाच घाबरलो, आपला अंदाज बरोबर होता. त्या दिवसापासून मी जगाला सांगत सुटलो की माझ्या हातून एक काडी चुकलेली नाही.

"ती चुकाक नाय होती," मी रुक्मिणीला म्हटलं. "हापूसच धरले थयसर. मी खाल्लंय."

"धरतले नाय तर काय. भाऊन जावन बदललेल्यान."

मी विचारलं, कधी.

"कलमां होडयेत चढयली तेवा भाऊ तुझ्या बाजूकच उभो होतो," ती म्हणाली. "तेणा आदल्या दिसाच वास घेतलल्यान. होडी सुटासर उभो रवलो, तू कायतरी बोलतलंस म्हणान. तू बोललंस नाय. लोकांसमोर तुका उघडो पाडूचो नाय, म्हणान तोय गप. मगे आठ दिसांनी आमी दोघां गेलाव थयसर, काड्यो घेवन. एकेकाचो शेंडो काडून परत बांधल्यान. दोन दीस लागले."

"सत्यवतीबायक काय सांगल्यान?"

"सांगल्यान, माझ्या हातसून चुकी झाली."

"आणि ती?"

"ती काय म्हणतली? चाय केल्यान."

मी विचारलं, इतकी वर्षं मला कोणी सांगितलं कसं नाही. "भाऊन सांगाक दिल्यान नाय," रुक्मिणी म्हणाली. "म्हणायचो, झील शिकलेलो आसा, एक दीस आपणाच येवन सांगतलो. दर पावसात म्हणायचो. मगे मगे म्हणाचा सोडल्यान." तिने कप गोळा केले. "बरो माणूस होतो तो. पण ह्या तेचा माका कधी पटाक नाय. इचारल्यान असता तर तूय सुटलं असतंस आणि तोय सुटलो असतो."

ती गेली आणि मी तिथेच बसून राहिलो. भाऊला जाऊन चौदा वर्षं झाली. शेवटचे दोन महिने तो अंथरुणावर होता, मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. तो छपराकडे बघत पडलेला असायचा आणि मध्येच म्हणायचा, "बोल रे कायतरी." मी पावसाचं बोलायचो, काजूच्या पिकाचं बोलायचो, कोणाच्या पोराचं लग्न ठरलं ते सांगायचो. तो ऐकायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणायचा, "बोल रे." मला वाटायचं, म्हाताऱ्याला एकटं वाटतंय. माझं मलाच इतकं वाईट वाटलं सोमवारच्या त्या संध्याकाळी की घरी गेलो तो जेवलोही नाही.

आणि वर मी त्याच्यासारखं वागतोय म्हणून दिवसभर मिरवत होतो. तोच बाजूला उभं राहण्याचा प्रकार, तेच गप्प बसणं. त्याच्यात निदान माया होती. मी तर पोरीची मजा बघत होतो.

मंगळवारी सकाळी सातला मी बागेत पोचलो तर समीक्षा आधीच आली होती. पाण्याचा पाइप हातात, पाणी एकाच पिशवीत पडून बाहेर वाहत होतं आणि तिचं लक्ष नव्हतं. मी नळ बंद केला.

"हडे ये. बस."

ती बसली. मी म्हटलं, "माझ्या हातसून एक काडी चुकाक नाय म्हणान तुका सांगललंय. ता खोटा. माझ्या हातसून चाळीस चुकली होती." आणि सुतळ्यांपासून चहापर्यंत सगळं सांगितलं. कोणाला तरी हे सांगायची आयुष्यातली पहिली वेळ, त्यामुळे मध्ये मध्ये अडखळलो. बोलून झाल्यावर म्हटलं, "भाऊन माका इचारूक नाय. मी तुका इचारतंय. सातव्या ओळीक काड्यो खंयच्या?"

तिने पदवी, वय, सगळं विसरून हमसून रडायला सुरुवात केली.

"राखणदाराच्या झाडाच्यो, काकांनू. माका ठाव नाय होता. चुनो लावताना कळला. रोज सांगूक म्हणान येतंय आणि तुमचो नियम आठवता. बापाशीन माझ्या सगळ्या देवबागात सांगल्यान, चेडू कायम होतला म्हणान. आणि त्या झाडाक हात लायलंय, तुमच्या बागेर कायतरी संकट येयत म्हणान रोज थयसर फुला ठेवतंय."

"पांढरो पट्टो बघ म्हणान फोनार सांगणारो मीच," मी म्हटलं. "बागेत दोन तऱ्हेचे पांढरे पट्टे आसत, ता तीस वर्सांत माझ्या डोक्यात इला नाय. राखणदाराक काय तो राग असलो तर माझ्यार असतलो. तेका मी सांगतंय काय ता."

तिने नाक पुसलं. "मगे माका काढतलास?"

"तुका काढूक व्हया, तर तेच्या आदी भाऊन माका काढूक व्हयो होतो."

मी म्हटलं, तू आता कायम आहेस, कॉलेजाला तसं आजच कळवतो, पण महादूला सांगायचं काम राहिलंय. नर्सरी माझी, चूक माझ्या नावावर, मी सांगतो. तिने मान हलवली. "नाय काकांनू. मी सांगतंय."

आठला टेम्पो आला. महादू पुढे बसला होता, पांढरा शर्ट, खिशाला पेन, जन्मभर तिकिटं फाडलेला माणूस, वेळेला पक्का. उतरल्या उतरल्या ओळी मोजायला लागला. समीक्षा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. एकही शब्द गिळला नाही. सातवी ओळ हापूस नाही, रायवळ आहे, काड्या मी काढल्या, झाड ओळखायला चुकले, तीन आठवड्यांपूर्वी मला कळलं आणि तेव्हाच सांगायला हवं होतं.

मी दोन पावलं मागे उभा होतो. सगळी ऑर्डर रद्द करून हा टेम्पो रिकामा फिरवणार, अशी मी मनाची तयारी केली होती.

महादू सातव्या ओळीकडे वळला. "म्हणजे माका ह्या पाच वर्सांनी कळला असता."

"होय," समीक्षा म्हणाली.

"बाकीच्यो चार ओळी कोणी बांधल्यान?"

"मीच."

"त्यो बऱ्यो आसत?"

"आसत. काल संध्याकाळी एकेकाचो वास घेतलंय."

महादूने खिशातलं पेन काढलं, आपल्या चिठ्ठीवरचे तीनशे खोडून दोनशे चाळीस केले. "मगे भरा," म्हणाला. "साठ पुढच्या वर्सा न्हेतंय. हिच्याच हाताची व्हयी पण." आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, चहा मिळेल का, सकाळी सहाला निघालोय.

रुक्मिणी चहा टाकायला गेली. समीक्षा पिशव्या उचलायला लागली, एका वेळी चार चार, आणि ड्रायव्हरला ओरडून सांगत होती की पट्टीला हात लावू नको, बुडाकडून धर. तिचं सगळं सांगून व्हायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. दत्तारामभाऊ त्या होडीनंतर बावीस वर्षं रोज माझ्यासमोर होता.